माफी दोनदा मागावी लागते: अपघातानंतर काय बोलावं आणि काय लिहून द्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. हातखंब्याजवळ महामार्गावर भावाच्या छोट्या टेम्पोची दुचाकीला धडक बसली. दुचाकीवाला शेजारच्याच वाडीतला, मांडीचं हाड मोडून रुग्णालयात पडून आहे. भावाला जाऊन माफी मागायची आहे. विमा एजंट म्हणतो, ‘एक अक्षर बोलू नका, कोर्टात कबुली धरतील.’ आई म्हणते, ‘नाही गेलात तर उद्या वाडीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही.’ ऐकायचं कुणाचं?

जायचं आईच्या सांगण्यावरून, आणि आजच. एजंटची भीती निराधार नाही, पण ती चुकीच्या जागी आहे. नुसत्या माफीमुळे दावा हरलेला माणूस क्वचित सापडतो. माफीच्या ओघात जे तपशील बोलले जातात, मग जबाबात उतरतात आणि शेवटी स्टॅम्प पेपरवर चढतात, ते मात्र माणसाला पुरते अडकवतात.

आधी कायदा. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. या मुद्द्यावर मजकूर जवळपास जुनाच आहे. वादातल्या एखाद्या गोष्टीबद्दल अनुमान काढायला वाव देणारं पक्षकाराचं विधान म्हणजे कबुली (कलम १५). ते तोंडी असो, लेखी असो की व्हॉट्सअॅपवरचं. बोलणाऱ्याच्या विरुद्ध ते शाबित करता येतं (कलम १९), पण ते निर्णायक पुरावा ठरत नाही (कलम २५). म्हणजे खाटेशेजारी उच्चारलेलं ‘माफ करा’ कोर्टापर्यंत जाऊ शकतं, पण गेलं म्हणून प्रकरण तिथेच मिटत नाही. कोणत्या प्रसंगी, कोणत्या मनःस्थितीत ते बोललं गेलं याचा खुलासा करता येतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दोष ठरतो तो शक्यतांच्या तौलनिक वजनावर. टायरच्या खुणा मध्यरेषेच्या कोणत्या बाजूला होत्या, काच कुठे पडली होती, टेम्पोचं कोणतं अंग चेपलं, यांच्यापुढे शिष्टाचाराच्या दोन शब्दांचं वजन फार नसतं.

शिवाय आपल्या भाषेत माफीला पायऱ्या आहेत. ‘फार वाईट झालं’ ही सहानुभूती. ‘दिलगीर आहे’ यात खेद आहे, दोष असेलच असं नाही. गाडी उशिरा आली की फलाटावरच्या भोंग्यातूनही दिलगिरी ऐकू येते. ‘माफ करा’ मधलं आहे, बाजारात खांदा लागला तरी आपण म्हणतो. ‘चुकलंय, माका माफ करा’ हे मालवणी मुलखात वडीलधाऱ्यांपुढे निम्मं नमस्कारासारखंच असतं. पण ‘मी मोबाइल बघत होतो, ब्रेक उशिरा लागला’ ही माफी नव्हेच, ती घटनेची हकिकत झाली. कोर्ट ‘माफ’ शब्दाचा अर्थ कोशात शोधत बसत नाही. त्या वाक्यात वस्तुस्थिती किती आहे ते बघतं.

म्हणून पहिल्या भेटीत भावाने बोलावं ते साधारण असं: ‘दादा, तुमचे हाल बघवत नाहीत. टेम्पो माझा, चालवत मीच होतो, ते नाकारत नाही. पोलिसांत कळवलंय, विम्यालाही कळवतोय. औषधपाण्याला काय अडतंय ते सांगा.’ यात खेद आहे, चालक कोण हे आहे (त्यावर वाद तसाही नाही), आणि पळून जाणार नाही याची खात्री आहे. वेग, ब्रेक, डुलकी, फोन आणि ‘तुमची तसूभर चूक नव्हती’ हे मात्र या भेटीत काढायचं नाही. कारण साधं आहे: पहिल्या दिवशी चालकालाच नेमकं काय झालं ते ठाऊक नसतं. ब्रेक निकामी होते का हे आरटीओच्या निरीक्षकाने गाडी तपासल्यावर कळतं. समोरच्याचा दिवा बंद होता का, दुचाकीवर तिघे होते का, रस्त्यावर खडी होती का, हे साक्षीदारांकडून हळूहळू बाहेर येतं. धक्क्यात असलेला सज्जन माणूस न केलेला दोषही अंगावर ओढून घेतो.

त्याची किंमत किती, ते आकड्यांत बघा. जखमी ३४ वर्षांचा गवंडी, महिना १५,००० रुपये कमाई, पायामुळे कामाची क्षमता कायमची ३० टक्के घटली असं धरू. वर्षाचे १,८०,०००. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाला भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवले की २,५२,०००. त्याचे ३० टक्के ७५,६००. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालाच्या (२००९) तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक (वर्षाचं नुकसान ज्याने गुणायचं तो आकडा) १६. गुणाकार १२,०९,६००. उपचाराचा खर्च, वेदना, बुडालेली मजुरी हे वेगळं. दुचाकीस्वाराचा सहभागी निष्काळजीपणा (अपघातातला त्याचा स्वतःचा दोष) २५ टक्के ठरला तर यातले ३,०२,४०० कमी होतात. ‘सगळी माझीच चूक’ या तीन शब्दांवर हा सगळा फरक अवलंबून असतो असं नाही, पण तो वाद मांडणाऱ्या वकिलाच्या पायात ते खोडा घालतात.

खोटं बोला, असं इथे कुणी सांगत नाही. कसं झालं असं जखमीने विचारलंच तर ‘मला आठवतं ते पोलिसांना सांगितलंय, चौकशी होऊ दे’ हे उत्तर पुरेसं आणि खरं आहे. भाऊ खरोखरच फोनवर बोलत असेल तर ते आपल्या वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा. लपवलेली गोष्ट उलटतपासात बाहेर आली की आधी मागितलेली माफीही ढोंग ठरते.

कुणी जायचं, हाही प्रश्न असतो. जखमी शुद्धीवर असेल आणि घरचे रागावलेले नसतील तर चालकाने स्वतः जावं, सोबत घरातलं एखादं वडील माणूस. आठ-दहा जण घेऊन जाऊ नये, ते दबाव आणायला आल्यासारखं दिसतं. माणूस दगावला असेल तर पहिल्या दिवशी चालकाने दारात उभं राहणं धोक्याचंही असतं. अशा वेळी गावचा पोलीस पाटील किंवा दोन्ही घरांशी संबंध असलेला माणूस आधी जाऊन अदमास घेतो, मग सुतकाच्या दिवसांतच सांत्वनाला जायचं. बारावं-तेरावं उलटून गेल्यावर जाणाऱ्याला मग काहीही बोलला तरी एकच उत्तर मिळतं: ‘आमचा माणूस गेला तेव्हा कुठे होतात?’ या एका वाक्यामुळे सामोपचाराने मिटले असते असे दावे दहा-दहा वर्षं चालतात. भेटीत मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू असू शकतं हे गृहीत धरा आणि त्याचा राग धरू नका. योग्य प्रमाणपत्र जोडलं (कलम ६३) की ते पुराव्यात येतं.

मदत केली म्हणजे दोष कबूल केला, हा समज तर पूर्ण चुकीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ने चालकावर कर्तव्यच टाकलं आहे: जमावाच्या संतापासारखं कारण आडवं आलं नसेल तर जखमीला उपचार मिळवून द्यायचे, पोलिसांना माहिती द्यायची आणि जास्तीत जास्त २४ तासांत ठाण्यात कळवायचं. विमा कंपनीलाही पॉलिसी क्रमांक, तिची मुदत, अपघाताची तारीख-वेळ-ठिकाण, जखमींचा तपशील आणि चालकाचं नाव-लायसन्स लेखी कळवायचं. कायद्याने सांगितलेली गोष्ट केल्याबद्दल कुणी दोषी ठरत नाही. त्यात भर म्हणून, मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार कॅशलेस मिळतात. जखमीच्या घरच्यांना ही माहिती देऊन कागद पुढे सरकवायला मदत करणं, ही दहा वेळा ‘सॉरी’ म्हणण्यापेक्षा मोठी माफी असते. रोख मदत केलीत तर पावती घ्या आणि पावतीवर ‘उपचारासाठी मदत’ एवढंच लिहा. ‘नुकसानभरपाईपोटी’ लिहू नका आणि ‘आता काही मागणं नाही’ असंही लिहून घेऊ नका.

आता कागद. शिष्टाचाराचे शब्द खरे घातक होतात ते इथे. पोलिसी मराठीचा एक ठरलेला साचा आहे: ‘भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून’. भाऊ म्हणेल ‘वळणावर गाडी घसरली, फार वाईट वाटतंय’, आणि घाईत कागदावर हा साचा उतरेल. फौजदारी खटल्यात पोलिसांपुढची गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही (साक्ष्य अधिनियम, कलम २३). पण स्वतः दिलेली खबर किंवा सही केलेला अर्ज भरपाईच्या दाव्यात समोर ठेवला जातो, तिथे या कलमावर विसंबून राहू नये. म्हणून सही करण्याआधी पूर्ण वाचायचं, न बोललेलं वाक्य असेल तर खोडून दुरुस्त करून घ्यायचं. तपासातल्या जबाबावर साक्षीदाराची किंवा आरोपीची सही घेण्याची तरतूदच नाही, हेही लक्षात असू द्या.

जखमीच्या बाजूचा कागद त्याहून नाजूक. चालक समोर हात जोडून उभा असतो, गाववाला असतो, आणि केसपेपरवर हकिकत लिहिताना घरचेच सांगतात, ‘गाडी घसरून पडला.’ किंवा हवालदाराला सांगतात, ‘आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही.’ हे सगळं भलेपणाने होतं. पुढे तीन महिन्यांनी दुसरं ऑपरेशन निघतं, खर्च झेपत नाही, दावा लावायची वेळ येते आणि विमा कंपनीचा वकील तोच केसपेपर काढतो: स्वतः घसरून पडला, दुसरं वाहन नव्हतंच. उशिरा झालेल्या फिर्यादीचा खुलासा करता येतो. फिर्यादीला उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळू नये असं सर्वोच्च न्यायालयाने रवी विरुद्ध बद्रीनारायण (२०११) मध्ये म्हटलं आहे. पण रुग्णालयातली पहिली नोंद पुसणं महाकठीण. जखमीला खरंच माफ करायचं असेल तर चालकाला माफ करावं, केसपेपरवर मात्र वाहनाचा नंबर लिहवून घ्यावा. त्या नोंदीचे पैसे चालकाच्या खिशातून जात नाहीत, विमा कंपनीच्या तिजोरीतून येतात.

पुष्कळांच्या ध्यानात न येणारी गोष्ट हीच. तृतीय पक्ष (थर्ड पार्टी) विमा चालू असेल, लायसन्स त्या वर्गाच्या गाडीचं असेल, परमिट-फिटनेस धड असेल तर मृत्यू किंवा दुखापतीची भरपाई विमा कंपनी भरते आणि तिला रकमेची मर्यादा नाही. मग भावाला माफीची भीती कसली? खिशाची भीती असते ती विमा लॅप्स झालेल्याला, किंवा मालवाहू टेम्पोच्या हौद्यात माणसं कोंबून नेणाऱ्याला. फुकट बसलेल्या अशा प्रवाशाचा भार कायद्याने विम्यावर येत नाही. म्हणून बोलण्याच्या आधी हे चार कागद तपासा. कागद धड नसतील तर आधी वकील गाठा. भेटीला जा, पण ‘सगळा खर्च मी करीन’ हे वाक्य जपून ठेवा. त्याचा कोर्टातला अर्थ वेगळा आणि वाडीतला वेगळा, आणि दोन्हीकडे ते पाळायला लागतं.

एजंट सांगतो ती अट खरोखर असते. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने कबुली, देकार, वचन किंवा रक्कम देऊ नये, असं मोटार पॉलिसीत छापलेलं असतं. ती अट मोडली म्हणून कंपनी जखमीला पैसे नाकारू शकते का? नाही. जखमीविरुद्ध कंपनीला कोणते बचाव घेता येतात ते मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये मोजून दिलेत, आणि माफी त्यात नाही. त्रास दुसरीकडून होतो. दोन्ही बाजू भावकीतल्या, चालक न्यायाधिकरणात हजरही होत नाही किंवा सगळं मान्य करतो, तेव्हा कंपनी कलम १७० खाली संगनमताचा अर्ज देते आणि परवानगी मिळाली की चालकाच्या वतीने प्रत्येक मुद्दा लढवते. अतिउत्साहाने दिलेली कबुली अशा वेळी जखमीच्याच दाव्यावर संशय आणते.

फौजदारी खटल्यात आणखी एक सवय जडलेली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली खटला दाखल होतो, तारखांना कंटाळून चालक ‘गुन्हा कबूल’ म्हणतो, दंड भरतो आणि घरी येतो. त्या निकालाची नक्कल दोन महिन्यांत भरपाईच्या दाव्यात दाखल होते. खाटेजवळच्या माफीपेक्षा या कबुलीचं वजन कितीतरी जास्त. खुलासा करता येतो, पण ‘दंड कमी होता म्हणून कबूल झालो’ या खुलाशाने फारसं काही साधत नाही. मिटवायचंच असेल तर दुसरे रस्ते आहेत. कलम १२५ खालचे दुखापतीचे गुन्हे कोर्टाच्या परवानगीने जखमीला मिटवता येतात, २८१ तसं मिटत नाही. आरोप-सौद्याच्या (कमी शिक्षेच्या बदल्यात गुन्हा मान्य करण्याच्या, म्हणजे प्ली बार्गेनिंगच्या) अर्जात आरोपीने केलेली विधानं दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी वापरता येणार नाहीत असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २९९ सांगतं. सरळ गुन्हा कबूल करण्यात हे कवच नसतं. मृत्यूचा गुन्हा (न्याय संहितेचं कलम १०६) आपसात मिटत नाही. गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालय, आणि त्यासाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ). रायगडवाले मुंबईलाच.

आता वाडीतली बैठक. पंचमंडळी बसतात, चालक नारळ ठेवतो, पाया पडतो आणि ५०,००० रुपयांवर ठरतं. इथवर वाईट काहीच नाही. मग कुणीतरी ५०० चा स्टॅम्प काढतो आणि लिहितो: ‘माझ्या चुकीमुळे अपघात झाला हे मी कबूल करतो. लिहून घेणार यास यापुढे कोणताही दावा करण्याचा हक्क राहणार नाही.’ या एका कागदाने दोघेही फसतात. चालकाने विनाअट लेखी कबुली दिली, जखमीने वर मोजलेल्या १२ लाखांवर ५० हजारांत पाणी सोडलं, आणि विमा कंपनी, जिने पैसे द्यायचे होते, ती बैठकीत नव्हतीच. असा कागद दावा अडवेलच याची खात्री नाही. बहुतेक वेळा न्यायाधिकरण दिलेली रक्कम वजा करून पुढे जातं. पण तो लढवण्यात जखमीची दोन वर्षं जातात. दावा चालू असताना जखमी अज्ञान (१८ वर्षांखालचा) असेल तर पालकालाही कोर्टाच्या परवानगीशिवाय तडजोड करता येत नाही.

मग मनापासून, दोष मान्य करून माफी मागायची तर कुठे? दुसरी माफी ती हीच, आणि ती मागायला हवी. २००३ साली जेनिफर रॉबेनोल्ट या अमेरिकन अभ्यासक बाईंनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अपघातातल्या जखमीच्या जागी बसवून तडजोडीची तीच रक्कम पुढे केली. माफी नव्हती तेव्हा ५२ टक्के लोक ती घेण्याकडे झुकले, जबाबदारी घेऊन मागितलेल्या पूर्ण माफीनंतर ७३ टक्के, आणि नुसत्या सहानुभूतीच्या अर्ध्या माफीनंतर ३५ टक्के. दोष उघड दिसत असताना ‘वाईट वाटतं’ एवढ्यावर थांबलेला माणूस अंग चोरतोय असं वाटतं. पहिल्या भेटीसाठी वर सुचवलेले मोजके शब्द पहिल्या आठवड्यापुरते ठीक आहेत. सहा महिन्यांनी, पंचनामा आणि आरटीओचा अहवाल हातात असताना, तेच शब्द पुन्हा म्हटलेत तर जखम चिघळते.

ही दुसरी माफी तडजोडीच्या चौकटीत मागायची. साक्ष्य अधिनियमाचं कलम २१ म्हणतं की पुराव्यात वापरायची नाही या स्पष्ट अटीवर, किंवा तसा समज दिसेल अशा परिस्थितीत दिलेली कबुली दिवाणी प्रकरणात संबद्ध नसते. म्हणून पत्राच्या माथ्यावर ‘उभयतांच्या हक्कांना बाधा न येता, केवळ तडजोडीसाठी’ असं लिहितात. नुसतं डोक्यावर लिहून भागत नाही, खरोखर वाटाघाटी चालू असायला हव्यात. फौजदारी खटल्याला हे कलम लागू नाही, तो प्रलंबित असेल तर शब्द वकिलाला दाखवूनच लिहा. कोर्टाने पाठवलेल्या मध्यस्थीत मध्यस्थाने फक्त झालेला करार किंवा ‘मध्यस्थी यशस्वी झाली नाही’ एवढंच कळवायचं, आत काय बोलणं झालं ते नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम विरुद्ध अशोककुमार प्रकरणात बजावलं आहे. मध्यस्थता अधिनियम, २०२३ च्या कलम २२ मध्ये तर गोपनीय ठेवायच्या गोष्टींच्या यादीत ‘माफी’ हा शब्दच आहे. पण ९ ऑक्टोबर २०२३ ला जी कलमं लागू झाली त्यांत ते नव्हतं, तेव्हा बसण्याआधी गोपनीयतेच्या कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेणं बरं. लोकन्यायालयात विमा कंपनीचा अधिकारीही टेबलावर असतो. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा, त्यावर अपील नाही. रक्कम कंपनीने ठरवावी आणि माफी चालकाने स्वतःच्या तोंडाने मागावी, वकिलाकरवी नको. जखमीला ती लेखी हवी असेल तर रक्कम ठरल्यावर, सह्या झाल्यावर द्या. आधी दिलीत तर सौद्याचा भाग वाटते.

परदेशी लेख वाचून ‘माफीला कायद्याने संरक्षण आहे’ असं कुणी सांगेल. ते तिकडचं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १९८६ मध्ये सहानुभूतीच्या शब्दांना पुराव्यातून वगळलं, कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने २००६ मध्ये दोषाच्या कबुलीसकट पूर्ण माफीला कवच दिलं, हाँगकाँगने आशियात पहिल्यांदा तसा कायदा केला, तो १ डिसेंबर २०१७ पासून चालू आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही.

बोटीवरचा अपघात असेल तर हिशेब निराळाच. विंचच्या दोरात खलाशाचा हात गेला, नाखवा (बोटीचा मालक) घरी येऊन म्हणाला ‘तांडेलाची (बोट चालवणाऱ्याची) चूक झाली’. म्हणाला किंवा नाही, काहीच फरक पडत नाही. कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ मध्ये (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली) मालकाचा दोष शाबित करावाच लागत नव्हता, आणि संहितेतही लागत नाही. काम करताना आणि कामामुळे इजा झाली एवढं पुरतं. ३० वर्षांचा खलाशी, १५,००० वेतन, कमाईची क्षमता २० टक्के गेली: वेतनाचे ६० टक्के ९,०००, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक २०७.९८, त्याचे २० टक्के, म्हणजे ३,७४,३६४ रुपये. महिनाभरात दिले नाहीत तर जुन्या कायद्यात १२ टक्के व्याज, शिवाय ५० टक्क्यांपर्यंत दंड होता. तेव्हा नाखव्याने इथे मोकळेपणाने माफी मागावी, पण पैसे परस्पर देऊ नयेत. मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते (जुन्या कायद्याच्या कलम ८ मध्ये आयुक्ताकडे). बायकोच्या हातात दिलेले दोन लाख, तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ रक्कम सोडली तर, कायद्याच्या लेखी दिलेलेच नाहीत आणि पुन्हा भरावे लागतात. हक्क सोडल्याचा करार जुन्या कायद्याच्या कलम १७ ने रद्दबातल होता. किनाऱ्यावर कित्येक भले नाखवे भरपाई परस्पर दिल्यापायी दोनदा पैसे भरतात.

पॅरासेलिंग-स्कूबावाल्यांसाठी एकच सूचना: पर्यटकाच्या नाराज परीक्षणाखाली ‘आमच्या पोराने पट्टा नीट आवळला नव्हता, सॉरी’ असं उत्तर टाकू नका. ती जगजाहीर लेखी कबुली आहे आणि ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. ‘जबाबदारी आमची नाही’ असा छापील फॉर्म निष्काळजीपणा झाकत नाही. फोन करा, दिलगिरी व्यक्त करा, उपचाराचं विचारा.

भावाच्या प्रकरणात एक तारीख आजच लिहून ठेवा, आणि जखमीच्या घरीही सांगा. १ एप्रिल २०२२ पासून न्यायाधिकरणात दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा आहे (मोटार वाहन कायदा, कलम १६६ (३)). या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. येणं-जाणं, डबे, ‘बघू, बसून मिटवू’ यांत पावसाळा जातो, गणपती जातात, आणि मुदत कधी उलटली ते कळत नाही. बोलणी चालू असली तरी पाचव्या महिन्यात दावा दाखल करायला सांगा. दाखल झालेला दावा लोकन्यायालयात केव्हाही मिटवता येतो.